चाकाची कुरकुर

बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले म्हणजे जुना गाडीवान बैलांना दोष देत नसे, की रस्त्याच्या नावाने बोटे मोडीत नसे. तो गाडी थांबवी, खाली उतरे, गाडीला टांगलेला वंगणाचा नळा सोडी, आसाच्या टोकाची खीळ उपसून चाक चार बोटे बाहेर ओढी आणि एरंडेलाचे काळे वंगण आसाला चोपडून पुन्हा वाटेला लागे. काम अगदी थोड्या वेळाचे. पण ते टाळले तर पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्याला पक्के ठाऊक असे. कोरडा आस तुंब्याला खातो, तुंबा सैल होतो, आणि एखाद्या उतारावर भरल्या गाडीचे चाक निखळून पडते. कुरकुर ही त्याच्या लेखी कटकट नव्हती. ती वर्दी होती.

बैलगाडीची जागा मोटारीने घेतली. लाकडी तुंबा गेला, आस पोलादाचा झाला आणि तेलाने भरलेल्या बंद घरात जाऊन बसला. पण आसाचा धर्म बदलला नाही. भार वाहायचा, फिरायचे, झिजायचे, आणि झीज मर्यादेबाहेर गेली की आवाज करून सांगायचे, हाच त्याचा क्रम आजही आहे. बदल झाला तो ऐकणाराच्या बाजूने. काचा वर आहेत, रेडिओ मोठ्याने चालू आहे, आणि खालून येणारी वर्दी वर बसलेल्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. म्हणून या भाषणातली पहिली सूचना थोडी चमत्कारिक वाटेल, पण ती मनापासून दिलेली आहे. ज्याला आपल्या गाडीची प्रकृती जाणून घ्यायची असेल, त्याने आठवड्यातून एकदा तरी काचा खाली कराव्यात आणि रेडिओ बंद करावा.

बऱ्हाणपूर हे गाव तर चाकांच्या जोरावरच नांदले. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग याच गावावरून जात असे. येथील वस्त्रे गाड्यांवर आणि उंटांवर लादून समुद्राकडे जात. उत्तरेला उभा असलेला असीरगड दक्षिणेचा दरवाजा म्हणून ओळखला जाई. १६०१ साली अकबराने तो घेतला तो या दरवाजासाठीच. आज त्याच गडाच्या पायथ्यावरून इंदूर-इच्छापूर रस्ता जातो. तापीकाठच्या आणि शेजारच्या रावेर, सावदा, फैजपूर या भागातल्या केळीचे घड ट्रकांत भरून उत्तरेकडे निघतात. गावात यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. सुताची आणि कापडाची ने-आण टेम्पो आणि पिकअप गाड्यांवर होते. म्हणजे जुन्या काळाप्रमाणे आजही या मुलखाचे पोट आसावरच फिरते.

आणि आसाची परीक्षा पाहणाऱ्या सगळ्या गोष्टीही या मुलखात एकत्र आल्या आहेत. केळीच्या बागेपर्यंत जाणारी वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात तिच्यात चाकोऱ्या पडतात, उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. घड लवकर रवाना करायचे म्हणून गाडीत माल जरा जास्तच भरला जातो. वाटेत नाले लागतात. यातला नाल्याचा धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वीस-पंचवीस मैल धावून आलेल्या गाडीचे मागचे घर तापलेले असते. ते थंड पाण्यात उतरले म्हणजे आतली हवा एकदम आकसते आणि तेलरोधक सीलच्या कडेने किंवा हवेच्या छोट्या छिद्रातून बाहेरचे पाणी आत ओढून घेते. काही दिवसांनी तेल दुधाळ दिसू लागते. त्या दुधाळ तेलात दाते आणि गोळ्या गंजतात, आणि चाकाच्या आवाजाचा पाया तेथे घातला जातो. आवाज ऐकू येतो तो दोन महिन्यांनी. तेव्हा नाल्याची आठवण कोणालाच उरत नाही.

आसाची झीज कमी करण्याची माणसाची खटपट जुनी आहे. वेल्समधील कारमार्थेनच्या फिलिप व्हॉन याने १७९४ साली गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे घोडागाड्या बांधणारा हेन्री टिमकेन याने १८९८ साली निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट मिळवले. चाकावर वरून भार येतो, तसा वळणावर बाजूनेही रेटा येतो. हे दोन्ही एकाच वेळी सोसणारे ते बेअरिंग असल्यामुळे ते आजही ट्रकांच्या चाकांत बसवले जाते. पण बऱ्हाणपूरकरांना अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट स्वीडनमधली आहे. गोथेनबर्ग येथील एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा अभियंता यंत्रांची देखभाल करीत असे. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचे, त्यामुळे यंत्रांना गती देणारे लांब दांडे वाकडे होत आणि बेअरिंगे वारंवार निकामी होत. दांडा थोडा कलला तरी आपोआप जुळवून घेणारे बेअरिंग त्याने १९०७ साली तयार केले, आणि त्याच वर्षी एसकेएफ हा कारखाना निघाला. पुढे १९२७ साली ज्या कंपनीची पहिली मोटार बाहेर पडली ती व्होल्व्हो याच कारखान्याच्या आश्रयाने उभी राहिली. लॅटिन भाषेत त्या नावाचा अर्थ ‘मी फिरतो’ असा आहे. हलणारी माती, कापडाचा धंदा आणि झिजणारा आस, या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा एका कारागिराने वैतागण्याऐवजी कारण शोधले, एवढाच या गोष्टीचा बोध.

कारण शोधावयाचे तर प्रथम आवाज कोठून येऊ शकतो हे माहीत हवे. इंजिनाची गती चाकांपर्यंत पोचविण्याचे दोन मार्ग आहेत. जुन्या अँबॅसडरमध्ये, जीपमध्ये, पिकअपमध्ये आणि ट्रकमध्ये इंजिन पुढे असते आणि ओढणारी चाके मागे. मधून एक लांब फिरता दांडा जातो. त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकांना अधिक चिन्हाच्या आकाराचे सांधे असतात; गॅरेजात त्यांना नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. मागे डिफरन्शियलचे गोल घर. त्यात छोटे पिनियन चाक आणि त्याला लागलेले मोठे क्राउन चाक असते. वळताना आतल्या आणि बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी छोटी दातेरी चाकेही तेथेच. दुसरा मार्ग म्हणजे पुढच्याच चाकांनी गाडी ओढण्याचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हा मार्ग आपल्याकडच्या गावोगावच्या मिस्त्रींच्या परिचयाचा झाला. त्यात लांब दांडा नाही. पुढच्या दोन्ही चाकांना आखूड दांडे जातात आणि त्यांच्या टोकांना समगती सांधे, म्हणजे सीव्ही जॉइंट, असतात. दोन्ही प्रकारांत प्रत्येक चाकाला बेअरिंग असतेच.

आता आवाज. ‘गाडी आवाज करते’ असे सांगणे म्हणजे वैद्याकडे जाऊन ‘दुखते’ एवढेच सांगण्यासारखे आहे. चांगला मिस्त्री पान्याला हात लावण्यापूर्वी विचारतो, “भाऊ, आवाज कधी येतो? वेग वाढवला की? वळणावर? अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, की सोडल्यावर? ब्रेक मारल्यावर?” या प्रश्नांची उत्तरे मालकाने आधीच मनात तयार ठेवली, तर अर्धी दुरुस्ती तेथेच झाली असे समजावे.

पहिली खात्री टायरची करावी. एकसारखे न झिजलेले टायर हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात, आणि या घोटाळ्यात चांगली बेअरिंगे फुकट बदलली जातात. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गाडी गेली, किंवा गुळगुळीत रस्ता संपून खडबडीत लागला, की टायरचा आवाज बदलतो. आसाच्या भागांचा आवाज रस्ता बदलला म्हणून बदलत नाही. त्यातूनही शंका राहिली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहावे. आवाज जागा बदलून गेला, तर दोष टायरचा.

चाकाचे बेअरिंग झिजले असेल तर खोल, अखंड घूंघूं ऐकू येते. इंजिनाच्या गतीशी तिचा संबंध नसतो. गाडी धावत असताना क्लच दाबून इंजिन मंद केले तरी ती तशीच राहते. गाडीचा वेग उतरला म्हणजेच ती उतरते. आता मोकळ्या, निर्वेध रस्त्यावर बेताच्या वेगाने गाडी किंचित डावीकडे आणि मग किंचित उजवीकडे घ्यावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. म्हणून डाव्या वळणावर आवाज वाढला तर संशय सहसा उजव्या बाजूच्या बेअरिंगवर घ्यावा, आणि उजव्या वळणावर वाढला तर डाव्या बाजूच्या.

ही साधी गोष्ट माहीत नसल्याने काय होते याचे उदाहरण गॅरेजागणिक सापडेल. समजा, शाहपूरकडच्या एखाद्या केळी-बागायतदाराच्या पिकअपला मागून घूंघूं येऊ लागली. चालकाला ती डावीकडून आल्यासारखी वाटली, मिस्त्रीनेही विचारपूस न करता डावे बेअरिंग बदलले. आवाज तसाच. मग डिफरन्शियलचे तेल बदलले. आवाज तसाच. तिसऱ्या फेरीला मालक कंटाळला आणि म्हणाला, “राहू द्या. सवय झाली.” दोष होता उजव्या बेअरिंगात. लोखंडी पत्र्याच्या पोकळीतून आवाज फिरत येतो, त्यामुळे कान दिशेच्या बाबतीत हमखास फसतो. पैसे गेले ते गेले. पण ‘सवय झाली’ हे शब्द त्याहून महाग पडण्याची शक्यता असते.

संशय आलेले चाक उचलून पाहावे. जमीन सपाट असावी, बाकीच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावलेले असावेत, आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता लोखंडी घोडीवर टेकलेली असावी. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर किंवा कमानीच्या पाट्यावर ठेवला, तर झिजलेल्या बेअरिंगची खरखर बोटांना कळते. मग चाक वर आणि खाली धरून हलवावे. ते डुगडुगले, आणि कोणी ब्रेक दाबून धरताच डुगडुग थांबली, तर ढिलाई बेअरिंगची. ब्रेक दाबूनही ती राहिली, तर दोष स्टिअरिंगच्या किंवा झोल्याच्या सांध्यांत शोधावा. ओढणारे चाक इंजिनावर फिरवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. एकच चाक अधांतरी असेल, तर डिफरन्शियलमुळे ते वेगदर्शकावरील आकड्याच्या दुप्पट गतीने फिरते. काटा ३० दाखवीत असता चाक ६० च्या वेगाने गरगरत असते. अशा चाकाजवळ वाकलेल्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही.

निमुळत्या रुळांचे बेअरिंग नुसते सैल झाले असेल आणि खराब झाले नसेल, तर ते धुऊन, तपासून, नवे ग्रीस रुळांच्या आतपर्यंत दाबून भरून पुन्हा बसवता येते. नट कसताना चाक फिरवीत राहावे, मग नट थोडा मागे घ्यावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. फार कसलेले बेअरिंग सैल बेअरिंगपेक्षाही लवकर जळते. रुळांवर किंवा कड्यांवर खड्डे, निळसर डाग किंवा सुटलेले पापुद्रे दिसले, तर रूळ आणि बाहेरची कडी दोन्ही एकत्र बदलावी. जुन्या कडीत नवे रूळ म्हणजे जुन्या दुखण्याला नवे बिऱ्हाड. हल्लीच्या बहुतेक मोटारींत बेअरिंग एकसंध असते, ते जुळवता येत नाही, प्रेसवर दाबून बसवावे लागते. हातोड्याने ठोकून बसवलेले बेअरिंग नवे असूनही त्याच दिवशी घायाळ झालेले असते.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचा आवाज निराळा. स्टिअरिंग पुरते वळवून गाडी पुढे नेताना टकटक, टकटक असे ऐकू आले, आणि वेग वाढवताच ती टकटक जलद झाली, तर चाकाकडचा समगती सांधा झिजला. सरळ जाताना, विशेषतः चढावर, गाडी थरथरत असेल तर आतल्या सांध्याकडे पाहावे. या सांध्यांचे मरण बहुतेक वेळा एका रबरी पिशवीत असते. सांध्यावरचा घड्यांचा रबरी बूट फाटतो, चाक फिरताना ग्रीस बाहेर उडते, आणि त्या जागी धूळ व पाणी शिरते. चाकाच्या आतल्या बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर ते त्याच दिवशी दाखवावे. आवाज सुरू होण्यापूर्वी सांधा धुऊन, त्याचे ठरलेले ग्रीस भरून, नवा बूट चढवला, तर थोडक्यात भागते. टकटक सुरू झाल्यावर ग्रीस भरणे व्यर्थ. तेव्हा सांधाच बदलावा लागतो.

जीप, पिकअप आणि ट्रक यांच्यातला क्रॉस झिजला म्हणजे गिअर टाकून गाडी निघताना खाली ‘ठक्’ असा एक ठोका बसतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की पुन्हा तो ठोका. क्रॉस कोरडा पडला असेल तर हळू जाताना चिवचिवाट होतो. कित्येकांना तो चिमण्यांचा वाटतो. अशा वेळी गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद करून, चाकांना ठोकळे लावून, प्रोपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून पाहावा. सांध्याच्या आत खेळ जाणवला तर क्रॉस बदलावा. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंना खूण करून ठेवावी, आणि तो परत त्याच खुणेवर बसवावा; एक दाता चुकला तरी गाडी थरथरते आणि नवाच रोग जडतो. याच ठोक्याची नक्कल कमानीचे सैल यू-बोल्टही करतात. म्हणून नवा क्रॉस विकत घेण्यापूर्वी एक पाना यू-बोल्टांवर फिरवून पाहणे शहाणपणाचे.

राहिला डिफरन्शियल. त्याचा आवाज रडका, लांबट, सूर धरल्यासारखा असतो, आणि पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरप्रमाणे तो बदलतो. गाडी ओढत असतानाच सूर येतो आणि सोडल्यावर थांबतो, किंवा याच्या उलट होते, तेव्हा क्राउन-पिनियनच्या दात्यांची एक बाजू झिजलेली असते. ओढही नाही आणि सोडही नाही अशा मधल्या स्थितीत आवाज येत असेल, तर पिनियनच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. फक्त वळतानाच घरातून खडखड येत असेल, तर आतली छोटी दातेरी चाके पाहावीत. ठराविक अंतराने एकेक ठोका पडत असेल तर दाता तुटला आहे असे समजून गाडी तेथेच थांबवावी. तुटलेला दाता इतर दात्यांत सापडला तर मागची चाके धावत्या गाडीत जागच्या जागी जखडू शकतात.

क्राउन आणि पिनियन जन्मतःच जोडीने घासलेले असतात. एक जुने, एक नवे, ही जोडी कधी जमत नाही. त्यांच्यातली पोकळी चकत्या घालून ठरलेल्या मापात आणावी लागते. ते माप अंदाजाने नव्हे, डायल लावून घ्यावयाचे असते. म्हणून हे काम ज्याच्याजवळ मापे आणि संयम दोन्ही आहेत त्याच्याकडेच द्यावे. मालकाच्या हाती असलेले काम त्याहून सोपे आणि त्याहून मोठे आहे. तेलाची पातळी पाहावी, ठरलेल्या जातीचेच तेल घालावे, आणि गाडी पाण्यातून गेली असेल तर तेल दुधाळ झाले आहे का ते तपासावे. तेल सोडण्याच्या बुचाला लोहचुंबक असेल, तर त्यावरचा करडा लेप स्वाभाविक आहे. नखाएवढा तुकडा स्वाभाविक नाही.

येथे एका जुन्या लबाडीचा उल्लेख केला पाहिजे. जुन्या मोटारींच्या बाजारात आवाज करणाऱ्या डिफरन्शियलमध्ये किंवा गिअरपेटीत लाकडाचा भुसा, आणि कधी केळीची साले, घालून गाडी विकण्याची युक्ती देशोदेशी सांगितली जाते. भुशाने तेल घट्ट होते, दात्यांमध्ये गादी भरल्यासारखी होते आणि काही मैल गाडी गप्प बसते. ज्या मुलखात केळीला तोटा नाही तेथे ही गोष्ट हसण्यावारी नेली जाईल. पण हसणे गाडी घेण्यापूर्वीच बरे. भुसा तेलाच्या वाटा बुजवतो, बेअरिंगे उपाशी मरतात, आणि गाडी पुन्हा ओरडू लागते तेव्हा विकणारा दूर गेलेला असतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने मागच्या घराचे बूच उघडून थोडे तेल बोटांवर घेण्याचा आग्रह धरावा. तेल तंतुमय लागले, वाजवीपेक्षा घट्ट वाटले, किंवा ‘बूच कशाला उघडता, शेठ, गाडीचा आवाज तर नाही ना?’ असे उत्तर आले, तर सौदा तेथेच सोडावा.

खरे पाहता भुसा घालणारा आणि रेडिओ मोठा करणारा, या दोघांत फार अंतर नाही. एक दुसऱ्याला फसवतो, एक स्वतःला. दोघेही रोग तसाच ठेवून त्याची वर्दी तेवढी बंद करतात. आणि आसाच्या बाबतीत वर्दी बंद करणे याचा अर्थ गंभीर आहे. मोठ्या ट्रकात मागच्या चाकाचा भार बाहेरच्या भक्कम नळीवर असतो; आतला दांडा तुटला तरी चाक सहसा जागेवर राहते आणि गाडी नुसती थांबते. पण कित्येक हलक्या गाड्यांत तोच दांडा गती देतो आणि भारही पेलतो. तेथे बेअरिंग पुरते गेले, दांडा तापला आणि तुटला, तर चाक दांड्यासकट बाहेर येते. पुढच्या चाकाचे बेअरिंग जखडून तुटले तरी परिणाम तोच. असीरगडाजवळच्या घाटात, भरल्या गाडीनिशी, उतारावर हे घडले तर चालकाचे कौशल्य कामी येत नाही.

आणि गाडीत नेहमी नुसता मालच असतो असे नाही. पहाटे बागांकडे निघालेल्या पिकअपच्या मागच्या बाजूला मजूर उभे असतात. घड कापणारे, डोक्यावर वाहणारे पुरुष असतात, बायका असतात, कधी त्यांच्यासोबत मुलेही असतात. माल वाहण्याच्या गाडीत माणसे भरू नयेत हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण नियम आहे म्हणून ती माणसे तेथे नसतात असे नाही. गाडी त्यांची नाही. तिचे बेअरिंग कधी बदलायचे हे त्यांच्या हाती नाही. आसाच्या सगळ्यात जवळ, चाकाच्या अगदी डोक्यावर तीच उभी असतात. घूंघूं त्यांनाच सर्वांत स्पष्ट ऐकू येते, आणि सांगण्याची सोय त्यांनाच सर्वांत कमी असते. ‘राहू द्या, सवय झाली’ असे म्हणणाराने हे शब्द कोणाच्या जिवावर उच्चारले आहेत, याचा क्षणभर विचार करावा.

विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाला शेजारच्या खोलीतला माग अडखळला की न पाहता कळते. त्याचा कान यंत्राच्या नेहमीच्या लयीत मुरलेला असतो. लय मोडली की हातातला घास तसाच ठेवून तो उठतो. बऱ्हाणपुरात असे कान घरोघर आहेत. तोच कान गाडीकडे लावला तर पुष्कळ अनर्थ टळतील. त्यासाठी अभियंता होण्याची गरज नाही. गाडी चांगली असताना ती कशी वाजते हे एकदा नीट ऐकून ठेवावे. मग वेगळे काय वाजते ते आपोआप कळू लागते. नवा आवाज कोणत्या वेगात, कोणत्या वळणावर, पाय दाबल्यावर की सोडल्यावर आला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि तो कागद मिस्त्रीच्या हाती द्यावा. जो मिस्त्री तो कागद वाचून आणखी दोन प्रश्न विचारील त्याच्याकडे गाडी ठेवावी. आणि जो सगळे तपासून ‘भाऊ, बेअरिंग चांगले आहे, टायर बदला’ असे सांगेल, त्याच्याकडे ती जन्मभर न्यावी.

जुन्या गाडीवानाजवळ डायल नव्हते, प्रेस नव्हता, पेटंट घेतलेले बेअरिंगही नव्हते. एक वंगणाचा नळा होता आणि कुरकुर ऐकताच खाली उतरण्याची सवय होती. नळ्याची जागा आता पुष्कळ मोठ्या विद्येने घेतली आहे. खाली उतरण्याची सवय मात्र ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते.